डीपीकडनं सातवं

भाड्याने खोली बघायला गेलं की घरमालक नोकरी कुठे ते विचारतात, घरात माणसं किती ते विचारतात, फार तर मटण खाता का ते विचारतात. या गृहस्थांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. हातांकडे बघितलं आणि विचारलं, "चालता चालता पानं तोडायची सवय हाय का?"

"छे, बिलकुल नाही," मी म्हणालो. आणि हे म्हणत असताना माझ्या उजव्या हाताची बोटं त्यांच्याच फाटकावरच्या मधुमालतीच्या पानाची सुरळी करत होती.

"हात धुऊन घ्या," ते म्हणाले, "आन् मंग खोली बघा."

खोली मिळाली. माझ्या खरेपणामुळे नव्हे, त्यांना बहुधा दया आली असावी.

तेव्हा मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत लागलो होतो. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, कागद गुंडाळून ठेवायचा, काही दिवसांनी उघडून किती उगवल्या ते मोजायचं, असं माझं काम. म्हणजे रोप दोन पानांचं असेपर्यंत माझी त्याची चांगली ओळख. तिसरं पान आलं की आम्ही एकमेकांना विचारत नाही. पण माझ्या सासरी, परतूर तालुक्यातल्या आष्टीला, जावई बियाण्याच्या कंपनीत सायंटिस्ट आहे अशी बातमी लग्नातच पसरली होती. ती मी पसरवली नव्हती. खोडूनही काढली नव्हती.

काका, म्हणजे आमचे घरमालक, वीज खात्यातून रिटायर झालेले लाइनमन. घरात एकटेच असत. मुलगी पुण्याला दिलेली. मूळचं घराणं मेंढपाळांचं, अजूनही पुतण्याची मेंढरं अंबडकडच्या शिवारात फिरत असायची. अंगात बारा महिने खाकी शर्ट. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी, ती कधी सरळ व्हायची नाहीत; चहाची बशी धरताना ती दोन बोटं पाहुण्यासारखी बाजूला उभी राहत.

नोकरी सुटली तरी काकांच्या तोंडातली लाइन सुटली नव्हती. झाडांना पाणी घालायच्या रबरी नळीला ते सर्व्हिस वायर म्हणत. उन्हाळ्यात बोअरचं पाणी कमी झालं की "लोडशेडिंग सुरू." एखादं रोप वाळत चाललं तर "फेज गेला त्याचा." आणि वैशाखात अंगणातला बहावा वरपासून खालपर्यंत पिवळ्या घोसांनी लगडला की सकाळी सहाला माझं दार वाजायचं.

"बियाणं! अय बियाणं! भाईर ये जल्दी. फुल व्होल्टेज!"

मी डोळे चोळत बाहेर यायचो. काका बहाव्याखाली कमरेवर हात ठेवून उभे असायचे, जणू काही तो बहावा आत्ताच त्यांनी खांबावर चढून चालू केला आहे.

एवढं झाडांचं वेड या माणसाला कुठून लागलं, याचं मला नवल वाटायचं, कारण त्यांची सगळी नोकरी झाडं छाटण्यात गेली होती. पावसाळ्याआधी तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायच्या, हे लाइनमनचं ठरलेलं काम. जालन्यात कुठेही माझ्या गाडीवर मागे बसले की ते दाखवत जायचे. "इथं एक करंज व्हता. इथं दोन शिरीष व्हते, जोडीनं. त्या कोपऱ्यावर गुलमोहर. समदे या हातानं पाडले." आवाजात ना दुःख ना अभिमान. शाळेतल्या मुलांची नावं घ्यावीत तशी ते झाडांची नावं घेत.

स्वतःच्या प्लॉटवर मात्र त्यांनी एक पक्का नियम पाळला होता. ज्या बाजूने वीज मंडळाची तार जाते, त्या बाजूला एकही उंच झाड नाही. नुसती झुडपं. "ताराखाली उंच झाड लावणं म्हंजी लेकराला ट्रकखाली निजवणं," असं ते म्हणत. त्यामुळे बहावा, कांचन, ताम्हण, पांढरा चाफा ही मंडळी आतल्या अंगाला आणि कुंपणाला लागून फाटकापासून थेट मागच्या नळापर्यंत पंधरा फुलझुडपांची ओळ. वर तार, खाली ओळ. दोघी एकमेकींना कधी शिवल्या नाहीत.

आता त्या पंधरांची नावं मी सांगितली असती, पण काका झाडांची नावं सांगतच नसत. त्यालाही कारण होतं. मी यायच्या आधी कुणीतरी मोबाइलवर फिरवलं की पारिजातकाच्या पानांचा काढा प्यायला की गुडघे दुखायचे थांबतात. काकांनी कुणा शेजाऱ्याला कौतुकाने सांगितलं होतं, हा बघा आमचा पारिजातक. दोन दिवसांत अख्ख्या गल्लीचे गुडघे फाटकाशी जमा झाले. चौथ्या दिवशी पारिजातक हात पोहोचेल तिथपर्यंत बोडका, आणि वरती थोडी पानं, झबलं आखूड झालेल्या पोरासारखा.

"नाव कळलं की माणूस वरबाडतो," काका म्हणाले. तेव्हापासून नावं बंद. झाडांना नंबर. खांबांना असतात तसे.

आणि परमिट सुरू.

हे परमिट समजून घेतल्याशिवाय काका समजायचे नाहीत. लाइनवर काम करायचं तर लाइनमनने आधी सबस्टेशनकडून परमिट घ्यायचं. मग लाइन बंद होते. काम झालं की सगळी माणसं खाली उतरली का ते मोजायचं आणि परमिट परत करायचं. मगच करंट सोडतात. काकांनी हाच कायदा झाडांना लावला आणि त्यात आपल्या आईची रीत मिसळली. त्यांची आई मेंढरांच्या औषधाला पाला तोडायची, तर आदल्या सांजेला त्या झाडापाशी जाऊन हळदकुंकू वाहायची, चार तांदूळ ठेवायची आणि आवतन द्यायची: बाई, उद्या तुझ्याकडं कामाला येते. जेवायला बोलवावं तसं झाडाला औषधाला बोलवायचं. रात्रभर त्याला वेळ द्यायचा. सकाळी पाला घ्यायचा.

काकांकडे पाला मागायला येणाऱ्याला हे सगळं करावं लागे. आदल्या सांजेला आवतन, फांदीला लाल चिंधी, आणि कुणासाठी, कशासाठी ते झाडाला मोठ्याने सांगायचं. सकाळी काका स्वतः चिंधी बघून यायचे, मग तोडायला परवानगी. आणि औषध झालं की येऊन सांगायचं, माणूस बरा आहे, चिंधी सोडायची. परमिट वापस. तोवर त्या झाडाचं पाणी बंद! लाइन बंद म्हणजे बंद. त्यामुळे माणसं पळत येऊन सांगत, काका, आमच्या बाप्पूचा खोकला गेला, घाला हो पाणी त्याला.

मी हे सगळं ऑफिसात चहाच्या वेळी रंगवून सांगायचो. लोक खूप हसायचे. मीही हसायचो. तेवढ्यात माझी पाळी आली.

झालं असं की दसरा उलटल्यावर आमच्या सासूबाई चार दिवस राहायला आल्या. मी त्यांना आत्या म्हणतो. आत्यांना खोकला होता. दवाखान्यात दाखवलं होतं, गोळ्या चालू होत्या, पण अडुळशाचा काढा पोटात गेल्याशिवाय खोकल्याला खरं वाटत नाही असं त्यांचं मत. सकाळच्या पहिल्या बसने त्या आष्टीला परत निघणार होत्या. आदल्या दुपारी त्या सहज म्हणाल्या, "गावाकडं जाऊन काढा करते मी."

सहजच म्हणाल्या. पण सायंटिस्ट जावई समोर बसलेला असताना सासूने पाल्यासाठी गावाकडे जायचं?

मी काकांकडे गेलो. त्यांनी डॉक्टर विचारतात त्याहून जास्त प्रश्न विचारले. खोकला कधीपासून, ताप हाय का, दवाखान्यात दावलं का. मग म्हणाले, "कुंपणाचं डीपीकडनं सातवं. सांजंला आवतन दे. सकाळी मी बघतो, मंग तोड."

एवढं बोलून ते पुतण्याकडे निघून गेले, ते रात्री उशिरा येणार होते.

आमच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, गल्लीचा डीपी होता. मोठा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या पेटीवर धोक्याची कवटी. मी फाटकाशी उभा राहिलो, डीपीला पाठ केली आणि मोजलं. एक, दोन, तीन... सातवं. लांबट पानं, पांढरी फुलं. अडुळशाला पांढरी फुलं येतात, ही माझ्या एकूण ज्ञानातली एक कणभर गोष्ट नेमकी तेव्हा उपयोगी पडली. ज्ञान नसतं तर कदाचित मी कुणाला तरी विचारलं असतं.

हळदकुंकू वाहिलं. तांदूळ ठेवले. चिंधी बांधली. मोठ्याने म्हणालो, "आत्यांच्या खोकल्यासाठी." इथपर्यंत सगळं कायद्याने झालं. पण आत्यांची बस सकाळी साडेसहाची. काका केव्हा उठणार, केव्हा बघणार, केव्हा मी तोडणार? दोन मिनिटांचं तर काम. काका नव्हते, म्हणून काकांच्या वतीने मीच मला परवानगी दिली. चांगल्या हातभर फांद्या कापल्या, फुलं खुडली, ओल्या कागदात गुंडाळलं (कागद गुंडाळण्यात माझा हात कोण धरणार!) आणि आत्यांच्या पिशवीत नेऊन ठेवलं. आत्यांनी कागद थोडा उघडून बघितला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा कागदाकडे बघितलं.

"लई केलं जावईबापू तुम्ही," त्या म्हणाल्या.

मी संकोचाने मान खाली घातली.

सकाळी त्यांना बसमध्ये बसवून, स्टँडवर चहा पिऊन, शीळ वाजवत परत आलो तर काका कुंपणाशी उकिडवे बसले होते. कापलेल्या फांदीच्या टोकावरून बोट फिरवत होते.

"परमिट कुणाचं हाय?"

"माझं, काका. ते काय झालं, आत्यांची बस..."

"कशासाठी घेतलं?"

"खोकला."

काका उठून उभे राहिले. आवाज एकदम हळू. "माणूस कुठंय?"

"बसमध्ये. आष्टीला. काका, तुम्हीच म्हणालात ना, डीपीकडनं सातवं?"

"मंग?"

मी रस्त्यापलीकडच्या ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवलं. काकांनी माझं बोट धरलं आणि वळवून कुंपणाच्या दुसऱ्या टोकाकडे नेलं. तिथे नळ होता. त्याला नळी जोडलेली.

"डीपी ह्यो! पाणी जिकडनं येतं तिकडनं मोजतेत, येड्या! झाडाला तो ट्रान्सफार्मर काय कामाचा?"

पंधरा झुडपांची ओळ. नळाकडून सातवं ते अडुळसा. फाटकाकडून सातवं ते नळाकडून नववं. मध्ये एक जास्वंद, ती बिचारी दोन्हीकडून आठवी.

"ही कण्हेर हाय," काका म्हणाले. "पांढरी. शेळीसुदिक हिला तोंड लावत न्हाई. काळजावर जाती."

त्यानंतर मी काय काय केलं ते मला नीट आठवत नाही. बायकोने आत्यांना फोन लावला, तो बंद. प्रवासात चार्जिंग उतरू नये म्हणून त्या फोन बंद करून पिशवीच्या तळाला ठेवतात. मेव्हणा आणि वहिनी शेतात, त्यांचा फोन घरी नुसता वाजत होता. बायको एकदा फोनकडे बघायची, एकदा माझ्याकडे. "मला वाटलं तुम्हाला कळतं," एवढंच म्हणाली. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि तिला असं वाटत होतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

काका गाडीवर मागे बसले. हेल्मेट माझ्या डोक्यात घातलं, पट्टाही त्यांनीच लावला. बायको घरून फोन लावत राहणार असं ठरलं.

परतूरच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे कापूस फुटलेला. मी गाडी अशी हाणत होतो की काकांनी मागून खांद्यावर थाप मारली.

"हळू. आपुन पडलो तर तिकडं सांगंल कोण?"

मी वेग कमी केला. थोड्या वेळाने ते माझ्या कानाशी ओरडून बोलायला लागले. त्यांची ती दोन बोटं माझ्या खांद्यावर टेकली होती.

"ही बोटं कशी गेली म्हाईत हाय का तुला?"

"नाही, काका."

"एकडाव फ्यूज बसवायला पोलवर चढलो. परमिट न्हाई घेतलं. दोन मिन्टाचं काम, म्हणलं." वाऱ्यात त्यांचे शब्द तुटत होते. "दुसऱ्या टोकाला आमचेच लोक काम करून राह्यले व्हते. त्यांनी त्यांची माणसं मोजली. बराबर भरली. करंट सोडला. मी त्यांच्या गिनतीतच नव्हतो ना. मी वर हाय हे कुणाला म्हाईतच न्हाई!"

"मग?"

"मंग काय. फेकलो गेलो खाली. खाली निर्गुडीचं हे मोठ्ठं बेट. तिनं झेललं. आन् गंमत बघ, महिनाभर शेकायला पाला बी तिचाच आणला." ते चक्क हसले. "तवापासनं म्हणतो, काम दोन मिन्टाचं ऱ्हाऊ दे, न्हाई तर दोन वर्साचं. कुणाला तरी ठावं पायजे, हा माणूस वर हाय म्हणून."

परतूर ओलांडताना माझा फोन वाजला. बायको. तिचा वहिनीशी फोन लागला होता. वहिनी म्हणाली होती, आत्या घरी पोचल्या आहेत, चुलीवर काढा उकळत ठेवलाय. आणि बायको पुढचं सांगायच्या आत लाइन कट झाली होती. नंतर लागतच नव्हती.

तिथून आष्टीपर्यंत काकांनी एकदाही हळू म्हटलं नाही.

दारात गाडी तशीच टाकून आत पळालो. पायातल्या चपलांसकट थेट चुलीपाशी. आत्या भांडं खाली उतरवून कपात गाळत होत्या. मी कपच हिसकावला. अर्धा माझ्या शर्टावर, अर्धा चुलीत.

"आत्या, पिऊ नका! ती कण्हेर आहे!"

आत्या शांतपणे पदर सावरून उभ्या राहिल्या.

"काय बाई," त्या म्हणाल्या, "कण्हेर हाय हे मला काल सांजंलाच कळलं व्हतं की."

"मग हे?"

"ह्यो आपल्या हिरीवरचा अडुळसा. आल्या आल्या तोडला. तुम्ही सांडला, जावईबापू."

मी तिथेच फरशीवर बसलो. वहिनी दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती. आत्या म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या हौसेनं गुंडाळून दिलं. जावयानं दिलेलं न्हाई कसं म्हणावं? लेकीच्या म्होरं तुमचं तोंड काहून पाडायचं? म्हणलं, घेऊन जाऊ गुमान. रातभर मनात एकच इचार, मी या माणसाचं काय वाकडं केलं आसंल?"

मग त्या स्वतःच हसू लागल्या आणि हसता हसता खोकला आला. तो खोकला ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. खणखणीत, जिवंत खोकला.

काका एवढा वेळ दाराबाहेरच थांबले होते. आता पुढे आले, हात जोडले. "आक्का, पाला कुठं टाकला? ढोराच्या तोंडाला न्हाई ना लागणार?"

"टाकंल कशाला? या की."

फाटकाच्या बाजूला तेलाचा रिकामा डबा. त्यात ओली माती, आणि मातीत माझ्या हातभर लांब फांद्या, खालची पानं काढून, नीट तिरप्या कापून खोचलेल्या. "शेळ्या फाटकातनं आत घुसतेत," आत्या म्हणाल्या. "कण्हेर आसली की तिकडं फिरकत न्हाईत. जावयानं फांद्या मातर झ्याक निवडल्या, जाडजूड." मग जरा ओशाळून काकांना म्हणाल्या, "आमची लेक सांगती, तुमच्याकडं परमिट लागतं म्हणून. मी इचारलंच न्हाई बघा."

काका डब्यापाशी वाकले. माती दाबून बघितली. "तोडायला लागतं, आक्का," ते म्हणाले. "लावायला न्हाई लागत."

ती कण्हेर आज आष्टीच्या फाटकावर माझ्यापेक्षा उंच आहे. दिवाळीला गेलो की कुणी ना कुणी विचारतंच, जावईबापू, काढा घेता का? मी चहाचा पहिला घोट मेव्हण्याला घ्यायला लावतो. सायंटिस्ट मात्र आता कुणी म्हणत नाही. अंगावरचा उसना कोट परत करून टाकावा, तसं हलकं वाटतं.

त्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. घरात शिरण्याआधी काकांनी मला कुंपणाकडे नेलं. कण्हेरीची चिंधी तशीच होती. तिच्या बुडाशी माती कोरडी. बाकी सगळी ओळ ओली. म्हणजे माझ्यावर ओरडण्याआधी पहाटे त्यांनी चौदा झाडांना पाणी घातलं होतं आणि हिला नाही.

"परमिट वापस कर."

मी गाठ सोडायला लागलो. घाबरून बांधलेली नव्हती, तरी सुटेना.

"माणसं मोज," काका म्हणाले.

"आत्या क्लिअर. मेव्हणा क्लिअर. वहिनी क्लिअर. शेळ्या क्लिअर."

"आन् तू?"

गाठ सुटली, चिंधी माझ्या हातात आली. स्वतःलाही मोजायचं असतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मीपण, काका," मी म्हणालो. "उतरलो खाली."

काकांनी मान हलवली, वाकडी दोन बोटं बाजूला ठेवून उरलेल्या हाताने नळ उघडला, आणि पाणी डीपीकडून निघालं.